धाकटं शीड

धरणाचं पाणी चढलं आन आमचं रान, विहीर, जुनं गाव, सगळं त्याच्याखाली गेलं. नवं गाव वर माळावर वसलं. तवापासून बायको पाण्याकडं पाठ करून बसायची. नव्या घराचं दारसुद्धा तिनं मला पाण्याच्या उलट बाजूला काढायला लावलं.

मी चौथी नापास. पण शहरातल्या हौशी लोकांनी शर्यतीच्या होड्या काठावर आणून ठेवल्या, मला राखणीला घेतलं, आन शिडाचं काम मी बघून बघून शिकलो. कुणी शिकवलं नाय, मी विचारलंबी नाय.

दरसाल शर्यत व्हायची, एका होडीत दोघं. एक जुनी होडी मलाबी मिळायची. एका साली मी बायकोला म्हणलं, "अगं, तू चल."

लई दिवस नायच म्हणत राहिली. मग म्हणाली, "एकदाच येते. भ्याले तर पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाय तुम्ही."

आता शीड कोणतं लावायचं? आमच्या होडीला दोन होती. थोरलं पळायला जोरदार, पण त्यानं होडी कलते, मग दोघांनी कडेवर बसून बाहेर झुकायचं असतं. लुगडं नेसलेल्या बाईला ते जमायचं कसं? माझं सगळं मन थोरल्यावर. लावलं धाकटं. डोलकाठीच्या तारा ताणल्या, काठी जरा मागं कलती ठेवली, शिडाची खालची कड ओढून सपाट केली. वाऱ्यानं त्याचं पोट फुगू नये म्हणून.

शेजारच्या होडीतले साहेब हसले, "काय हो, धोतर वाळत घातलंय का?"

"माझंच हाय, साहेब. तुमचं तर नाय ना नेलं?"

एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातानं बायकोला धरायचं. म्हणून शिडाची दोरी मी फळीला बांधून टाकली, खुंट्याला बैल बांधतो तशी. साहेब लोक ती सबंध वेळ हातात धरून बसायचे. मला वाटायचं, यांना गाठ मारता येत नाय.

मधोमध गेलो आन वाऱ्याचा झपाटा आला. होडी कलली, कडेवरून पाणी आत आलं. मी गाठीशी झोंबलो, पण ती भिजून आवळलेली.

"बैल बुजल्यावर कासरा आवळता का?" बायको ओरडली. "सरका!" खाली वाकली आन दातानं गाठ सोडली. शीड फडफडलं, त्यातला वारा निसटला, होडी सरळ झाली.

ती घोट्याएवढ्या पाण्यात बसलेली, पदर गळतोय. मला वाटलं, संपलं.

तिनं चौफेर बघितलं. म्हणाली, "आपली विहीर कुठं आली हो?"

डोंगराची खिंड बघून मी अंदाज बांधला आन सुकाणू वळवलं. बाकीच्या होड्या निघून गेल्या, जाऊ दिल्या. विहिरीवर आलो तवा तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आन बराच वेळ तसाच ठेवला.

काठावर आलो तर साहेबांनी विचारलं, "वाट चुकलात का?"

"आमच्याच रानात वाट कशी चुकंल?" मी म्हणलं.

आता मी पोराकडं संभाजीनगरात राहतो. आजबी सांगतो, थोरलं शीड असतं तर पहिलेच आलो असतो. त्या शर्यतीच्या पुढच्या साली मी दोन्ही शिडं काढून पसरली तर तिनंच थोरल्यावर हात ठेवला.

"हे लावा," म्हणाली. "पण दोरी माझ्या हातात."