एकदा पास केलेला माल

आमच्या ठाण्याच्या घरमालकांइतका माणसांच्या तोंडाकडे कमी आणि मोटरसायकलींच्या पुढच्या पायांकडे जास्त पाहणारा मनुष्य त्या अख्ख्या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी त्यांच्याकडे चार वर्षे भाड्याने राहिलो. माझे आडनाव त्यांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आले नाही. पण माझ्या गाडीचा डावा शॉकअप उजव्यापेक्षा किंचित वाकडा आहे, हे ते झोपेत सांगू शकले असते. मला ते ‘बीकॉम’ म्हणत. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, आणि माझ्या पदवीचा अभिमान माझ्या वडिलांच्या खालोखाल कोणाला असेल तर तो या माणसाला होता. खोली बघायला गेलो तेव्हा त्याआधी तीन ठिकाणी मला नकार मिळालेला होता. यांनी गाव विचारले नाही, जात विचारली नाही, लग्न कधी करणार हेही विचारले नाही. "एका दमात पास झालास का?" एवढेच विचारले. मी हो म्हणालो आणि किल्ली हातात पडली. पुढे घरी पाहुणे आले की ते मला हाक मारून बाहेर बोलवत आणि माझ्या पाठीवर थाप मारून, मधल्या ‘ड’चा ‘र’ करणाऱ्या आपल्या बोलीत सांगत, "यो आमचा भारेकरू. बीकॉम हाय. पास हाय, पास!" पाहुण्यांनी मान डोलावली की मला परत आत जायची परवानगी मिळे.

त्यांचे वाडवडील मिठागरात राबलेले. घरमालक हे त्या घरातले कारखान्यात गेलेले पहिले. वागळे इस्टेटमधल्या एका रबराच्या कंपनीत त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षे काढली. ती कंपनी ऑइल सील बनवत असे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मोटरसायकलचे पुढचे चाक दोन बाजूंनी जे दोन शॉकअप धरून ठेवतात, त्यांच्या पोटात तेल असते. ते तेल बाहेर येऊ नये म्हणून वरच्या तोंडाशी रबराची एक कडी बसवलेली असते, तेच ऑइल सील. त्या कडीच्या आतल्या पातळ काठाला कारखान्यात ‘ओठ’ म्हणत. ओठ मऊ आणि अखंड असला तर तेल आत राहते. फाटला किंवा कडक झाला की गाडी गळू लागते. घरमालकांचे काम त्या ओठावरून अंगठा फिरवून माल पास किंवा फेल करायचे. पास झालेल्या मालावर ते पांढऱ्या रंगाची एक टिकली लावत. यंत्राला न सापडलेला दोष त्यांच्या अंगठ्याला सापडे, असे ते स्वतः सांगत, आणि काकीही सांगत. काकी नवऱ्याची स्तुती वर्षातून एकदाच करीत असल्यामुळे ते खरेच असणार.

त्या अंगठ्याची बडदास्त काय वर्णावी! उजव्या अंगठ्याला चटका लागेल म्हणून ते चहाची बशी डाव्या हाताने धरत. नारळ फोडत नसत, मासे साफ करत नसत, आणि काकींनी कोयता पुढे केला की "माजा हात कामाचा हाय" म्हणून बाजूला होत. कंपनी बंद होऊन बारा वर्षे झाली होती, तरी हात कामाचाच होता. भाकरी आली की आधी तिच्या काठावरून अंगठा फिरे. नातीला पहिला दात आला तेव्हा सगळे घर कौतुक करत असताना यांनी हिरडीवरून अंगठा फिरवून "बरोबर बसलाय" असा निर्वाळा दिला. कुठे लग्नाला गेले की मंडपात नवरानवरीला अक्षता पडत आणि हे बाहेर लावलेल्या गाड्यांच्या रांगेत उकिडवे बसून एकेका शॉकअपवरून बोट फिरवत असत. एकदा एका मयताला गेलो असताना ते असेच दिसेनासे झाले. शोधून काढले तर गेलेल्या माणसाच्या मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगत होते, "बाबा, झाला ता लय वाईट झाला. पन तुजी गारी डाव्या बाजूनी गलतंय, तेवरा बग." तो बिचारा त्या दुःखातही हसला, आणि मग हसल्याबद्दल जास्तच रडला.

कंपनी बंद झाली त्या दिवशी स्टोअरवाल्याने आठवण म्हणून ज्याला जे हवे ते नेऊ दिले होते. कोणी घड्याळ नेले, कोणी खुर्ची. यांनी स्वतः पास केलेली सिले गोणी भरून आणली, शंखजिऱ्याची पूड लावून डब्यांत भरली आणि ते डबे तांदळाच्या पिंपात पुरून ठेवले. काकींच्या हाताला तांदळाऐवजी कधीमधी सील लागे. "बाकीच्यांच्या पिंपात किडा निंगतो, आमच्या पिंपात कंपनी निंगते," असे त्या म्हणत.

दर रविवारी सकाळी अंगणात हे काम चाले. गल्लीतल्या कोणाचीही गाडी गळू लागली की ती इथे आणायची, हा रिवाजच होता. पुढचे चाक उतरवायचे, गाडी दगडांवर टेकवायची, शॉकअप काढून जुने काळे तेल परातीत ओतायचे. नवे तेल नातीच्या औषधाच्या मापाने मोजायचे. सील चढवताना दांड्याच्या धारेला ओठ घासू नये म्हणून दांड्याच्या टोकावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळायचा, आणि मग नळाच्या पाइपाच्या तुकड्याने चारी बाजूंनी हलके हलके ठोकत ते बसवायचे. गाडीवाल्याने तोवर समोर उभे राहायचे. बसलेले त्यांना चालत नसे. मजुरी ते घेत नसत. शेवटी गाडी दाबून दहा वेळा खालीवर करायची आणि "पास!" म्हणून ओरडायचे. त्या आरोळीने झाडावरचे कावळे उडत.

आता जे सांगायचे ते जड आहे. त्यांनी बसवलेली सिले गळत होती. पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात. हात चोख होता, पद्धत चोख होती. माल मेला होता. रबर ते. बारा वर्षे डब्यात पडून त्याचा ओठ वाळला होता. तुम्ही म्हणाल, एवढा अंगठेबहाद्दर माणूस, त्याला कळले कसे नाही? तर त्याचे कारण त्यांच्या कंपनीचा एक नियम होता. एकदा पास केलेल्या मालाला पुन्हा बोट लावायचे नाही. लावले तर आधीच्या तपासनिसावर अविश्वास दाखवल्यासारखे. दुसऱ्यांचा माल पंचवीस वेळा चाचपणारा हा माणूस स्वतःच्या पांढऱ्या टिकलीचे सील डब्यातून काढून तसेच चढवीत असे.

गल्लीला हे माहीत होते आणि गल्लीने ते लपवले होते. रविवारी काकांकडून सील बसवून घ्यायचे आणि आठवड्याभरात गुपचूप खोपटला एका मिस्त्रीकडे जाऊन बदलून घ्यायचे. ज्यांना तेवढी सवड नसे ते खिशात फडके ठेवत आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून शॉकअप पुसून मगच आत शिरत. मीही पुसत असे. तो मिस्त्री एकदा माझ्या गाडीतून काढलेले सील बोटांत वाजवून म्हणाला, "साहेब, ये सील नाय, बांगडी है. चाचाला कोणी बोलत का नाय?" मी म्हणालो, "तू बोल." तो म्हणाला, "मै कायको बोलू? पढेलिखे तुम हो."

मग माझे लग्न झाल्यावर एके दिवशी, बायको मागे बसलेली असताना, माजिवड्याच्या सिग्नलला माझा पुढचा ब्रेक लागलाच नाही. शॉकअपमधून ओघळलेले तेल ब्रेकच्या थाळीवर गेले होते. समोरच्या टेम्पोला वाचवायला गाडी वळवली आणि आम्ही दोघे आडवे झालो. बायकोचे कोपर सोलवटले, माझा गुडघा. मागून येणारी बस थांबली म्हणून बाकी काही झाले नाही. घरी आल्यावर घरमालकांनी हळद आणून दिली आणि "कसा परलास?" विचारले. मी म्हणालो, "रेती होती रस्त्यावर." बायकोने माझ्याकडे पाहिले आणि कोपराला हळद लावायला घेतली.

त्याच आठवड्यात काकींनी आनंदाने सांगितले की डोंबिवलीचे जावई रविवारी येणार आहेत, त्यांची गाडी गळते आहे. ते गाडीवर तिघे येत: जावई, मागे मुलगी, आणि पुढे टाकीवर नात. त्या रात्री बायको म्हणाली, "आपण पडलो ते पडलो. ती पोर टाकीवर बसते हो." मग मला पर्याय राहिला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येताना मी खोपटहून एक नवे सील घेतले. दुसरे माझ्या गाडीतून काढलेले नव्हे, काकींकडून पिंपातले कोरे मागून घेतले. घरमालक ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "काका, जरा डोळे मिटा."

"कशाला रं? मुका घेतस काय?"

आत काकी हसल्या. मी म्हणालो, "दोन सील आहेत. कोणतं कुठलं ते ओळखून दाखवा."

असा खेळ त्यांच्याशी बारा वर्षांत कोणी खेळले नव्हते. त्यांनी घट्ट डोळे मिटले आणि हात पुढे केला. मी आधी नवे सील दिले. अंगठा काठावरून सावकाश फिरला. "यो आपला माल," ते म्हणाले. "बग, ओठ कसा हाय. जित्ता. बालाचा ओठ जसा." मग मी पिंपातले दिले. अंगठा अर्ध्यावर जाऊन थांबला, मागे आला, पुन्हा फिरला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "यो बाजारातला. ओठ मेलाय याचा. असा माल लोकांना देतात? मानसा मारतील! फेल. फेकून दे."

डोळे उघडा, असे म्हणायचे मला धाडस झाले नाही. त्यांनीच उघडले. हातातल्या सिलावर त्यांची पांढरी टिकली होती.

ते सील त्यांनी टिकली खाली करून ओट्यावर ठेवले. मग उठले, आत गेले, पिंपातून एकेक डबा काढला आणि जमिनीवर बसून, नियम मोडून, एकेक सील अंगठ्याखाली घ्यायला लागले. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. "फेल." मग थोडी शांतता. "फेल." काकी शेजारी बसून तांदळातली पूड पाखडत होत्या. जेवणवेळेपर्यंत ते चालले. दुसरा शब्द मला ऐकू आला नाही.

मग ते बाहेर आले. "गल्लीतल्या कती गाऱ्या?"

"सगळ्याच, काका."

"माजिवऱ्याला रेती नव्हती ना?"

"नव्हती."

"मागं सूनबाई होती." हे त्यांनी विचारले नाही, स्वतःशी म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मना आधी का नाय सांगलास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटला असता. मग? रबर हाय, मरनारच. पन कोनी सांगलाच नाय तर मी लावतच रानार ना रं!"

मी खिशातले फडके काढून ओट्यावर ठेवले.

रविवारी जावयांची गाडी अंगणात उभी राहिली नाही. घरमालक ती स्वतः ढकलत खोपटला घेऊन गेले, आणि मी मागून हात लावला. त्यांना पाहून मिस्त्री स्टूल सोडून उभाच राहिला. यांनी त्याचा सिलांचा खोका मांडीवर घेतला, विसांपैकी दोन पास केली आणि अठरा बाजूला सारली. "चाचा, अब इन अठरा का क्या करू?" मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाला. "इकू नुको," हे म्हणाले. संध्याकाळी नात टाकीवर बसून डोंबिवलीला गेली. त्यानंतर मी त्यांना कोणाच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले पाहिले नाही. गल्लीतून जाताना ते सरळ समोर पाहत जात, आणि लोकांना ते विचित्र वाटे.

पुढे मला मुलगी झाली आणि मीही डोंबिवलीत घर घेतले. बऱ्याच वर्षांनी घरमालक इस्पितळात असल्याचे कळले म्हणून भेटायला गेलो. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत, असे दाराशीच जावयांनी मला सांगितले आणि बजावले, "त्यांना फक्त अशक्तपणा आहे असं सांगितलंय. तुम्हीही तेच म्हणा." मी आत गेलो. घरमालक खूप वाळले होते. त्यांनी सगळ्यांना चहाला पाठवून दिले आणि मला जवळ बोलावले.

"बीकॉम, ही सगली गोर गोर बोलतात. डाक्टर काय बोलला?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि डॉक्टर जे बोलले होते ते सांगितले. काही कमी केले नाही. ते वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "तुजी पोरगी कितवीत हाय?"

"चौथीत."

"चांगला हाय," ते म्हणाले आणि डोळे मिटले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. त्यांनी माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.