मीडियम म्हणजे किती

२ मार्चला चौकातल्या एका खुर्चीच्या सलूनमध्ये केस कापायचे ऐंशीचे नव्वद रुपये झाले. दुसरं काहीच बदललं नाही. गिऱ्हाईक बसलं की अंगावर कापड टाकत काका विचारायचे, "मीडियम?" आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. टक्कल पडत चाललेल्या पोस्टमनला हाच प्रश्न आणि मानेवर केस आलेल्या कॉलेजकुमारालाही हाच. लोकांनी त्यांचं नावच मीडियमकाका पाडलं होतं. चहा किती गोड? मीडियम. तब्येत? मीडियम. बायको रागावलीय का? "मीडियम. जेवायला वाढलंय."

त्या दिवशी मात्र काकांचा जीव टांगणीला लागला होता. लेक केस कापण्याचा कोर्स पहिल्या नंबराने पास झाली होती आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या सहा खुर्च्यांच्या पार्लरने तिला बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तिने इथेच राहावं असं काकांना मनापासून वाटत होतं, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

"इथे राहून काय करू, बाबा? टॉवेल झटकू?" लेक म्हणाली. "कात्री तर तुम्ही कुणाच्या हातात देत नाही."

काकांची कात्री खरंच कधी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. स्वतःचे केससुद्धा ते दोन आरशांत बघून स्वतःच कापत आले होते.

बाकावरच्या पोस्टमनने पेपर खाली केला. "पोर बरोबर बोलतेय. बसा की तुम्हीच खुर्चीत!"

काका बसले. स्वतःच्याच खुर्चीत पाय कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. लेकीने कापड टाकलं. "किती ठेवू?"

"मीडियम."

"म्हणजे किती?"

"म्हणजे... फार नाही, कमी नाही."

"बोटांनी दाखवा."

काकांनी कापडाखालून हात काढला. दोन बोटं जवळ आणली, लांब नेली, परत जवळ आणली. पोस्टमन खो खो हसायला लागला. "जन्मभर आम्हाला विचारलंत, आता तुम्ही सांगा!"

"अहो, ते सांगता येत नाही. डोकं बघून ठरतं!"

"मग गप्प बसा," लेक म्हणाली. "मला डोकं बघू द्या."

कात्री चालू झाली. काकांचा डावा कान जरा बाहेर आलेला. त्यावर ते बोटभर केस जास्त ठेवायचे, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीची कात्री तिथवर आली, थांबली आणि तेवढेच केस सोडून पुढे गेली.

"तुला कुणी सांगितलं?"

"लहानपणापासून त्या बाकावर बसून काय करत होते मी? हलू नका."

काका उठले. त्यांनी कात्री परत मागितली नाही. खुर्चीवरचे केस झटकून ते पोस्टमनला म्हणाले, "बसा. आज ही कापेल."

लेकीने आधी पार्लरला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

"काय काका, खूश?" पोस्टमनने विचारलं.

"मीडियम," काका म्हणाले आणि कानापर्यंत हसत टॉवेल झटकायला लागले.

त्या दिवशी स्वतःचे केस कापून घेतल्याचे नव्वद रुपये त्यांनी लेकीला अजून दिलेले नाहीत.