आमची बार्शी, सरकारची हद्द

"तोंड उघड. मोठं उघड. कुठला दात काढला ते दाखव."

फौजदार खुर्चीत बसला होता. समोर माझी खाला उभी. अम्मीची सख्खी थोरली बहीण, पंच्याहत्तरी ओलांडलेली. जमादारानं मोबाईलची बॅटरी लावली आणि तिच्या तोंडात उजेड मारला. तिनं एका हातानं डोक्यावरची ओढणी धरली आणि तोंड उघडलं. डॉक्टरपुढं उघडावं तसं, मुकाट. ओठाच्या कडेनं लाळ आली. ती पुसायला तिनं हात वर केला.

"हात खाली."

हात खाली गेला. लाळ हनुवटीवरून ओढणीवर पडली.

मग फौजदार माझ्याकडं वळून हसला. "तुम्ही का उभे, सर? बसा ना. तुमचा काय दोष?"

रिकामी खुर्ची एकच होती. मी बसलो नाही. त्या क्षणी मला एवढंच सुचलं.

मी गणिताचा मास्तर. तालुक्याच्या गावात हायस्कूलवर शिकवतो. स्वतःचं घर आहे, कर वेळेवर भरतो, रांग मोडत नाही, एस.टी.त तिकीट काढल्याशिवाय बसत नाही. पोलीस ठाण्याची पायरी मी त्या महिन्यापर्यंत कधी चढलो नव्हतो. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. नाव बदललं. हद्द तीच राहिली, आणि गोष्ट हद्दीचीच आहे.

खालाला आजोबांनी कराचीला दिलं होतं. मुलगा नात्यातला. त्याचं घर निजामाचं राज्य गेल्यावर तिकडं गेलेलं. लेक द्यायची तर ओळखीच्या घरात द्यावी, एवढाच हिशोब आजोबांनी केला. दोन देशांमधल्या संबंधांचा हिशोब त्यांनी केला नाही. शेतकरी माणूस, तो कसा करणार? त्या काळी लोक जात-येत होते. मग कमी झाले. मग नुसती पत्रं, मग फोन. बापाच्या मातीला खाला नव्हती. आईच्याही नव्हती. दोन्ही वेळा तिकडं व्हिसाचा अर्ज पडून होता.

अम्मी थकली तेव्हा खालाला बोलवायचं मीच मनावर घेतलं. व्हिसाच्या हमीपत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते, त्या सहीसाठी किती दारं हिंडलो ते सांगत बसत नाही. एकानं सही दिली, पण मला घरी नेऊन, पडदा ओढून, चोरीचा माल द्यावा तशी. शेवटी व्हिसा मिळाला. एक महिन्याचा. कुठं राहणार, कुठं जाणार, या रकान्यात मी लिहिलं होतं: उस्मानाबाद जिल्हा. व्हिसा तेवढ्याच हद्दीपुरता मिळाला.

चूक तिथं झाली. आमच्याकडचा कुणीही माणूस तीच चूक करेल.

आमचा तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. जिल्ह्याचं गाव लांब, बार्शी जवळ. लग्नाचा बस्ता बार्शीला. बाळंतीण अडली तर बार्शीला. चष्मा, दाढ, मोडलेलं हाड, सगळं बार्शीला. आमच्या बायका "जरा बार्शीला जाऊन येते" असं म्हणतात, जसं कुणी म्हणतं, जरा गिरणीवर जाऊन येते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे हे मला माहीत आहे, मी शाळेत नकाशा टांगलेला बघतो. पण व्हिसाच्या रकान्यात लिहिताना ते डोक्यात आलं नाही. आपल्या अंगणाचं नाव कुणी अर्जात लिहितं का?

खाला आली तेव्हा दोघी बहिणी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मग खाला म्हणाली, "कित्ती बुड्ढी हो गई गे तू!" अम्मी म्हणाली, "हौ, आणि तू जैसे कॉलेज कूच जाती ना!" त्या दिवसापासून घरात तोच तमाशा. चहात साखर कुणी जास्त घातली, लहानपणी सोनारीच्या जत्रेत बांगड्या कुणाच्या फुटल्या, यावर भांडण. मी इतक्या वर्षांत अम्मीला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग खालाची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. दोन रात्री झोपली नाही. सकाळी मी तिला घेऊन बार्शीच्या बसमध्ये बसलो. डॉक्टरनं दाढ काढली. दुपारी आम्ही घरी.

ही आमची देशविरोधी कारवाई.

हे कळलं कसं, तेही ऐका. पाकिस्तानी पासपोर्ट म्हणून खालाला ठाण्यात हजेरी लावावी लागायची. पुढच्या हजेरीला जमादारानं विचारलं, "काय आज्जी, गाल का सुजला?" खाला खरं बोलणारी बाई. कराचीत इतकी वर्षं काढली, पण पोलिसासमोर तिच्या तोंडातून आमच्याकडचीच मराठी आली. "दाढ काढली, लेकरा. बार्शीला गेल्ते."

जमादार म्हणाला, "कुणाकडं? माझी बी लई ठणकतीया. हात हलका हाय का डॉक्टरचा?"

"लई हलका. कळलं बी न्हाय."

जमादारालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तोही इथलाच. पण आतल्या खोलीत फौजदार होता. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला, नवीन. त्यानं हाक मारली. "काय म्हणाली ती? बार्शी?"

पुढचं तुम्ही वर वाचलंच.

तोंड बघून झाल्यावर खाला म्हणाली, "मी हितलीच हाय रं, बाबा. माझ्या बापाची माती हितं हाय."

"इथली? मग तिकडं कशाला मेलीस?" फौजदार म्हणाला. "आणि मराठी कुणी शिकवली तुला? तिकडं ट्रेनिंग देतात का?"

आईच्या वयाची बाई. अरे-तुरे. तिनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "वहाँ बी ऐसाच पूछते. हिंदुस्तान काय कू जाती, कौन है वहाँ तेरा. यहाँ बी वईच."

फौजदारानं लेखनिकाला जबाब लिहायला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. "लिही. सदर पाकिस्तानी महिलेने हद्दीची माहिती असूनही बार्शी येथे जाण्याचा आग्रह धरला. भाच्याने नकार दिला असता..."

मी म्हणालो, "थांबा. असं झालं नाही."

"सर, मी तुम्हाला सोडवतोय. कळतंय का? तिचं काय, तिला परत पाठवू, विषय संपला. तुमची नोकरी आहे."

"तिनं आग्रह धरला नाही. तिला हद्द माहीतही नव्हती. दाढ दुखत होती म्हणून मी नेलं. बसचं तिकीट मी काढलं. तेच लिहा."

"पगार कुणाचा खाता, सर? सरकारचाच ना?"

"मुलं शिकवतो त्याचा खातो. सरकारकडं ते पैसे माझ्यासारख्यांकडूनच येतात."

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती. हा माणूस माझ्याकडून सही मागत नव्हता. माझ्या हातानं माझ्या मावशीला खोटी ठरवून मागत होता. तेवढं दिलं की मी बसायचं, ती उभी राहायची. सरकार माणसाला असंच आपल्या बाजूला घेतं. खुर्ची देऊन.

मी माझ्या हातानं जबाब लिहिला. चार ओळी. मी नेलं, दाढ दुखत होती, माझी चूक हद्द लिहिण्यातली आहे, तिची काही नाही. खाली सही केली.

खालाला मुदतीआधी जायला सांगितलं. कडक ताकीद, पुन्हा व्हिसा मिळणं अवघड. निघताना दोघी बहिणी भांडल्या नाहीत. साखरेवरूनही नाही. अम्मीनं फक्त तिचा सुजलेला गाल चाचपून बघितला.

शाळेत माझी मुख्याध्यापक व्हायची पाळी होती. संस्थेच्या अध्यक्षांनी घरी बोलावलं. "तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही, सर. पण वरून विचारणा आहे." सेवाज्येष्ठतेत माझ्यानंतरचा माणूस मुख्याध्यापक झाला. चांगला माणूस आहे. मी त्याच्या हाताखाली शिकवतो.

तेव्हापासून मी विचार करतो. देशादेशांची भांडणं असतात. असोत. बंदूक घेऊन येईल त्याला सीमेवर अडवा, त्यासाठी सैन्य ठेवा, माझा कर घ्या, मी हूं की चूं करणार नाही. चोर पकडा, खुनी पकडा. तेवढ्यासाठीच तर सरकार ठेवलंय. पण म्हातारीची दाढ कुठल्या जिल्ह्यात उपटायची हे सरकारनं ठरवायचं? बहिणीनं बहिणीशी किती दिवस भांडायचं, हे दिल्लीनं आणि इस्लामाबादनं ठरवायचं? या अधिकारावर कुणी सही केली? मी तर केली नाही.

आणि हे फक्त आमच्याच वाट्याला आलंय असंही नाही. शेजारचे दगडूतात्या. कांद्याचे बागायतदार, सगळं नीट असलेला माणूस. एका वर्षी कांदा परदेशी निघायच्या बेतात होता, तेवढ्यात दिल्लीनं निर्यात बंद केली. कांदा शेडमध्ये कोंब धरून बसला. मला ओट्यावर बघून तात्या म्हणाले, "सर, तुमची खाला आन् माझा कांदा एकाच गेटवर अडकलाय बघा."

"तुमच्या कांद्याला निदान कुणी तोंड उघडायला लावलं नाही," मी म्हणालो.

तात्या हसले नाहीत. "मी पिकवला. घेणारा तिकडं पैसं घिऊन हुबा. ह्यांचं काय गेलं मधी?"

इतक्या वर्षांत मी वाचलेल्या कुठल्याही अग्रलेखात हा प्रश्न इतका सरळ आला नव्हता. ह्यांचं काय गेलं मधी.

आता येणं-जाणं पार बंद आहे. दोन सरकारांचं फाटलं, व्हिसे गेले. अम्मी अंथरुणाला खिळली आहे. खाला तिकडं काठी घेऊन चालते. दर शुक्रवारी नमाजानंतर मी फोन लावून देतो. आवाज तुटतो. दोघी ओरडून बोलतात, साखरेवरूनच बोलतात.

गेल्या महिन्यात तोच जमादार दारात आला. आता केस पिकलेत. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. लाजत होता.

"सर, साहेब म्हणतेत, तिकडचे फोन बंद करा. सध्या वातावरण बरं न्हाय."

"साहेबांनी लिहून दिलंय?"

"न्हाय. तोंडी."

"कुठल्या कायद्यानं?"

"कायदा कशाला काढता, सर? म्हातारी माणसं. काय बोलणार त्या? चार दिस न्हाय बोलल्या तर मरणार हायत का?"

आतून अम्मीनं विचारलं, "कोन है रे?" मी दार मागं ओढून घेतलं.

शाळेतला माझा सहकारी त्याच संध्याकाळी म्हणाला, ऐकावं सर, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. बायकोही म्हणाली, व्हॉट्सॲप काढून टाका, मी खालाला सांगते रेंज नाही म्हणून. रेंज नाही म्हणून. माझ्या घरात सरकारचं खोटं आम्हीच बोलायचं, आमच्याच माणसाशी.

मी जमादाराला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला पुन्हा विचारायला यायला नको.

फोन माझ्या नावावर आहे. दर शुक्रवारी मी तो लावणार. कोण कुणाशी काय बोललं हे मी सांगणार नाही, विचारायला कुणीही आलं तरी. लेखी आदेश आणा, खाली नाव आणि हुद्दा लिहा, मग मी तो घेऊन कोर्टात जाईन. तोंडी हुकूम या घरात चालणार नाही. नोकरी घ्यायची असेल तर घ्या. तुमच्या भांडणात मी कुणाच्याच बाजूनं नाही, आणि माझ्या आईच्या बोलण्यावर तुमचा कुणाचाच हक्क नाही.

उद्या शुक्रवार आहे.