खिडकीतला रुमाल

परभणीची एसटी पालमच्या स्टँडात थांबायच्या आत एक दूधवाले काका खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. स्वतः मात्र दुधाच्या कॅनवर बसायचे आणि जागा मला द्यायचे.

"बस, पुस्तक काढ. हुभ्यानं अभ्यास होत न्हाई."

"नात्यातला हाय का तुमच्या?" कुणीतरी टोमणा मारायचं.

"न्हाई. पण नापास झाला तर माझा रुमाल वाया जाईल की!"

कॉलेजची तीन वर्षं हेच चाललं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर, आणि मला त्याचा अभिमान आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नवा शर्ट घालून, दोन सहकाऱ्यांसोबत एसटीत चढलो. काकांनी सवयीनं माझ्यासाठी जागेवरचा रुमाल उचलला. त्याला दुधाचा आंबूस वास होता, रोजच असायचा. सहकारी बघत होते.

"राहू द्या, मी उभा राहतो," मी ओळख नसल्यासारखं म्हणालो.

काकांनी रुमालाची घडी घातली. "बरोबर हाय, साहेब. आता अभ्यास कुठंय?"

पुढं मोटारसायकल घेतली आणि एसटी सुटली. परवा ती लावून स्टँडात काकांची चौकशी केली.

"नाव काय त्यांचं?" कंट्रोलरनं विचारलं.

तीन वर्षं त्यांच्या जागेवर बसलो, पण नाव कधी विचारलं नव्हतं.