इर्माने वर केलेला हात

माझी मोठी जाऊ इर्मा चोंकोवा गावच्या शाळेत फरशा पुसायची. ओढ्याच्या पलीकडे गाव, अलीकडे आमची रोमा लोकांची वस्ती. गाव आम्हांला जिप्सी म्हणतं, तेही मन चांगलं असलं तर. गावात घरोघरी नळ होते. आम्ही ओढ्यावर जायचो. शाळेत आमच्या पोरांचा वर्ग वेगळा आणि शहरातल्या दवाखान्यात आमच्या बाळंतिणींची खोली वेगळी. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

एका उन्हाळ्यात ओढा आटत आला आणि वस्तीत काविळीची साथ पसरली. इर्माची मुलगी रेनाता पोटुशी होती. दवाखान्यात नेली ती त्या वेगळ्या खोलीतच गेली, पोटातल्या लेकरासकट.

मयतीला सरपंच ह्रेहोर आला आणि टोपी काढून उभा राहिला. इर्मा सरळ त्याच्यापुढे गेली. "आम्हांला नळ का देत नाहीस?"

"अगं, ही काय वेळ आहे का बोलायची?"

"मग वेळ सांग. तेव्हा येते."

पानगळीत निवडणूक आली. इर्मानं पंचायतीसाठी अर्ज भरला. तिचा नवरा देझो चारचौघांत म्हणाला, "बाई पंचायतीत बसणार, आणि मी काय घरी बटाटे सोलू?"

"सोल की! हात झडणारेत का?"

बायका इतक्या हसल्या की देझो तिथून उठूनच गेला. त्याच बायका मग दारोदार फिरल्या, आणि इर्मा निवडून आली. आमच्यातलं कुणी पंचायतीच्या टेबलाशी बसण्याची ती पहिलीच वेळ. आजवर तिला 'ए इर्मा' म्हणणारा सरपंच म्हणाला, "या इर्माबाई, बसा." घरी येऊन तिनं हे मला सांगितलं आणि सांगतासांगता रडायला लागली. "रेनाता हवी होती गं," म्हणाली.

पुढच्या वर्षी पाण्यासाठी युरोपचा पैसा मंजूर झाला. ब्रसेल्सहून पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईनं इर्माचे दोन्ही हात धरले. दुभाष्यानं सांगितलं, "त्या म्हणतात, तुमच्यासारख्या स्त्रिया म्हणजे युरोपचं भविष्य."

"भविष्य राहू दे. नळ कधी येणार ते विचारा."

दुभाष्या हसून काहीतरी लांबलचक बोलला. पाहुणीनं टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

मग पंचायतीत त्या पैशाच्या ठरावावर हात वर करून मत द्यायचा दिवस आला. सरपंच म्हणाला, "वस्तीची जमीन वादातली आहे. नकाशावर तुमची घरंच नाहीत. आधी गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांना पाइप नेऊ, दुसऱ्या टप्प्यात तुम्हांला. एकमत झालं नाही तर सगळा पैसा परत जाईल, इर्माबाई. बघा."

सगळ्यांचे हात वर गेले होते आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिनंही हात वर केला.

"का केलास?" मी तिला दोरीवर कपडे टाकताना विचारलं.

"नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, जिप्सी बाईनं गावाचं पाणी तोडलं. आणि मला वाटलं, टप्पा म्हणतायत, म्हणजे येईल."

पाइप आमच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या काठानं गेला. प्लॉटांवर घरं उठली, अंगणात हिरवळ आली. दुसरा टप्पा काही आला नाही. जमिनीचा वाद मिटला नाही, कारण तो मिटवायला कुणी बसलंच नाही.

वस्तीनं राग गावावर काढला नाही, इर्मावर काढला. तिच्या खिडकीवर दगड आले. तिच्यासाठी दारोदार फिरलेली शेजारीण तिच्या तोंडावर थुंकली. देझोनं तिला ओढ्यावर, सगळ्यांसमोर मारलं. "माझं नाक कापलंस! बसलीस ना त्यांच्या टेबलाशी?" सोडवायला मी आणि माझी सासू, दोघीच धावलो.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सरपंच तिला म्हणाला, "इर्मा, तो कोपरा राहिला बघ." तिनं बादली तिथंच ठेवली आणि घरी आली.

आता ती ऑस्ट्रियात असते, लिंझजवळ एका म्हातारीची देखभाल करते. तिला न्हाऊ घालते, भरवते, रात्री तिची कूस बदलून देते. तिथं तिनं आपण हंगेरियन असल्याचं सांगितलंय. रोमा म्हटलं असतं तर घरात घेतलं नसतं, असं तिला वाटतं, आणि तिचं चुकत असेल असं मला नाही वाटत. देझोला पैसे पाठवते. तो घेतो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. गावात पुन्हा निवडणूक आहे.

"या वेळी तू उभी राहा," ती म्हणाली.

"आणि तुझ्यासारखं करून घेऊ?"

तेवढ्यात तिच्या मागून म्हातारीची हाक आली. इर्मानं परक्या भाषेत, अगदी लाडानं, "आले, आले" म्हटलं असावं. फोन बंद झाला.

मी अर्ज भरलेला नाही. वस्तीतून कुणीच भरलेला नाही.