चोरखिशातला आवाज

आमचे अप्पा माजलगावच्या मोंढ्यात धान्याची बोली पुकारायचे. आवाज असा खणखणीत, की घरात भांडायचीसुद्धा सोय नव्हती. गल्लीला सगळं कळायचं. नेमकं त्याच घशाचं ऑपरेशन निघालं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचाच मोबाइल त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बोला काहीतरी.

"काय बोलू? आवाज म्हंजे काय सोनं हाय का जपून ठेवायला?"

म्हणाले खरं, पण दुपारभर बोलले. आवाज बसला होता, तरी तुरीची बोली पुकारली, नातवंडांना हाका मारल्या, मला दोन शिव्या घातल्या. आईसाठी बोला म्हटलं तर लाजले. "तिला काय नवीन सांगायचं?" म्हणून उठूनच गेले.

मोबाइल दुरुस्तीवाल्या चाचांकडून ते सगळं मी मेमरी कार्डावर उतरवून घेतलं, कार्ड घरी कपाटात ठेवलं. मोबाइलला लॉक लावलं. आईचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तिनं अप्पांच्या बंडीला आतून चोरखिसा शिवला आणि मोबाइल त्यात घालून वरून बटण लावलं.

एसटीत अप्पा सगळा वेळ छातीवर हात ठेवून बसले. बीडच्या स्टँडवर बॅटरी उतरली म्हणून मी चहाच्या टपरीवर चार्जिंगला लावायला मोबाइल मागितला.

"परक्याच्या वायरीला लावू नका, तूच सांगितलंतं ना?"

"अप्पा, घरी कार्ड हाय की. कावून एवढं जपताय?" मी वैतागलेच.

"राहू दे," म्हणाले. मोबाइल बंद केला आणि परत चोरखिशात घातला. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, म्हणून मीही सोडून दिलं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांचा हात पहिल्यांदा छातीवर गेला. अंगात बंडी नव्हती. ते इकडंतिकडं चाचपायला लागले. नर्सला वाटलं दुखतंय. आईला बरोबर कळलं.

"हाय, माझ्यापाशी हाय," म्हणत तिनं कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, चालू करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी लॉक उघडलं, काहीतरी शोधलं आणि मोबाइल आईच्या कानाला लावला. मी शेजारीच होते, मलाही ऐकू आलं. हे कार्डावर नव्हतं. आम्ही सगळे झोपल्यावर त्यांनी एकट्यानं बोलून ठेवलं असणार.

"अगं, आलो बरं का. पाणी दे."

मोंढ्यातून आल्यावर रोज संध्याकाळी दारातून हेच म्हणायचे. आई सवयीनं उठली. तांब्यातून पेला भरला, वळली, आणि तिला आठवलं, त्यांना घोटभरसुद्धा द्यायचं नाही.

पेला हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग त्यांच्याकडं बघत बघत ते पाणी तीच प्यायली.