‘दुरुस्ती करण्यात येत आहे’

मंडळी, आज माझंच एक वाक्य मला भोवलं.

आज बोर्डीत आमच्या चिकू बागायतदारांच्या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक होती. अहवाल मीच लिहिलेला. कोल्ड स्टोरेज कालपासून बंद आहे, म्हणून त्यात ठोकून दिलं, ‘दुरुस्ती करण्यात येत आहे.’

अध्यक्ष सुमनताईंनी विचारलं, "कोण करतंय?"

मी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने माझ्याकडे. मेकॅनिकला दुसऱ्याने फोन केला असेल, असं आम्ही दोघांनीही धरलं होतं. आणि आत सगळ्यांचा चिकू!

"आत्ता लाव फोन. आणि त्या वाक्यात तुझं नाव लिही," ताई म्हणाल्या.

मेकॅनिक तलासरीहून निघालाय. मी कोल्ड स्टोरेजबाहेर उभी आहे. दार बंद आहे, तरी पिकल्या चिकूचा वास येतोय.

तुमच्या अहवालातलं ‘करण्यात येत आहे’ नक्की कोण करतंय हो?